तीन पूर्णांक नऊ मिलिमीटर

मंगळवार, ४ मार्च

छोटी,

तुझ्या नवऱ्याने स्टोअरकीपरला मारले नव्हते. आपल्या भावाने मारले. गेल्या गुरुवारी मी हे यंत्राखाली मोजले. मोजल्यावर गप्प बसता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

सत्तावीस वर्षांत तू मला एक अक्षर पाठवले नाहीस आणि मीही पाठवले नाही. खुशाली विचारण्याचा हक्क मी केव्हाच गमावला आहे, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते. पत्र फाडायचे असेल तर आधी तुझ्या नवऱ्याला, मिस्त्रींना वाचून दाखव आणि मग फाड. तुला जे कळणार नाही ते त्यांना कळेल. वेधशाळेतले निम्मे स्क्रू त्यांच्या हातचे आहेत.

निवृत्त झाले तरी काचांची खोली अजून माझ्याकडे आहे. तेव्हा आकाशाचे फोटो काचेवर घेत. तशा अकरा हजार काचा कपाटांत उभ्या आहेत आणि त्यांची विचारपूस करायला कुत्रेही येत नाही. फेब्रुवारीत मात्र एक पत्र आले. दूरच्या एका वेधशाळेला जानेवारीत नवा लघुग्रह सापडला आहे, पृथ्वीच्या वाटेला घासून जाणाऱ्यांपैकी. लांबी तीनशे मीटर. सूर्याभोवती एक फेरी पाचशे एकोणीस दिवसांत. कक्षेचे आतले टोक पृथ्वीच्या कक्षेच्या जरासे आत, बाहेरचे मंगळाच्या थोडे पलीकडे. तिथे कक्षा मांडणारी एक बाई आहे. तिने लिहिले होते: "त्याच्या एकोणीस फेऱ्या म्हणजे आपली सत्तावीस वर्षे. म्हणजे सत्तावीस वर्षांपूर्वी, नऊ फेब्रुवारीच्या रात्री, तो तुमच्या दुर्बिणीच्या टप्प्यात असला पाहिजे. त्या रात्रीची काच आहे का? जुनी जागा मिळाली तर पुढची शंभर वर्षे तो कुठे असेल ते पक्के सांगता येईल."

काच होती. त्या रात्रीची एकच काच आहे आणि तिचा क्रमांक मला झोपेतही सांगता येतो. तो खटल्यात माझ्या तोंडून तीन वेळा वदवून घेतला होता.

आता नीट वाच. दुर्बीण नव्वद मिनिटे ताऱ्यांच्या मागे मागे फिरवली की काचेवर तारे गोल ठिपके होऊन उमटतात. लघुग्रह ताऱ्यांमधून सरकतो, म्हणून त्याचा ठिपका न होता रेघ होते. तो त्या रात्री चंद्राच्या पंचवीस पट अंतरावर होता, म्हणजे जवळच, आणि वेगात होता. नव्वद मिनिटांची रेघ अकरा पूर्णांक तीन मिलिमीटर यायला हवी. तेवढीच आली आहे. दोन्ही टोके त्या बाईच्या गणिताप्रमाणे जिथल्या तिथे आहेत. पण रेघ सलग नाही. आधी चार मिलिमीटर रेघ, मग तीन पूर्णांक नऊ मिलिमीटर कोरी काच, मग तीन पूर्णांक चार रेघ. मिनिटांत सांगायचे तर बत्तीस, एकतीस आणि सत्तावीस.

तुझ्या दादाने त्या रात्री नोंदवहीत लिहिले आहे: दुर्बिणीचे झाकण उघडले दहा चाळीसला, बंद केले बारा दहाला, मध्ये खंड नाही. काच सांगते की अकरा बाराला झाकण लागले आणि अकरा त्रेचाळीसला पुन्हा उघडले.

स्टोअरकीपरने अकरा पंधराला फाटकावर फोन करून सकाळी लवकर गाडी मागितली होती. दुपारी सगळ्यांसमोर तुझ्या दादाने त्याच्या थोबाडीत मारली होती, त्याची तक्रार घेऊन त्याला संचालकांच्या घरी जायचे होते. बारा वाजायला दहा कमी असताना पहारेकऱ्याला तो स्टोअरच्या दारात सापडला. घुमट हाताने फिरवायचा लोखंडी दांडा डोक्यात तीनदा घातलेला होता. पहिल्याच घावात कवटी फुटली असावी, असे डॉक्टरांनी कोर्टात सांगितले. उरलेले दोन तो पडल्यावर घातले. एक दात समोरच्या भिंतीला चिकटलेला होता. दांडा मिस्त्रींच्या लेथमागे सापडला. ते कार्यशाळेत एकटेच झोपले होते, कारण तू मुलीला घेऊन दवाखान्यात होतीस. त्याच संध्याकाळी बेअरिंगवरून त्यांची स्टोअरकीपरशी खडाजंगीही झाली होती.

तुझ्या दादाला सोडवले ते माझ्या साक्षीने. वकिलाने विचारले, "माणूस मध्येच उठून गेला असता तर तारे लांबट आले असते?" मी "हो" म्हटले. "या काचेवर ते कसे आहेत?" मी म्हटले, "गोल."

झाकण बंद करून गेला असता तर काय झाले असते, असे कोणी विचारले नाही. परत येऊन दुर्बीण त्याच ताऱ्यावर धरली आणि झाकण उघडले की तारे गोलच येतात. ढग आला की आम्ही नेहमी तसेच करत असू. ताऱ्यांवरून फट कळत नाही. ती फक्त सरकणाऱ्या वस्तूवरून कळते. त्या रात्री तिथे सरकणारी एक वस्तू होती आणि ती मला गेल्या गुरुवारी सापडली.

मी हे पोलिसांकडे नेणार आहे. त्याआधी तुम्हा दोघांना कळावे म्हणून लिहिले.

अक्का


सोमवार, १० मार्च

छोटी,

परवा तू फोन ठेवलास आणि मी टेबलाशी तशीच बसून राहिले. बोललेले विसरायला होते, म्हणून इथे उतरवून ठेवते. चुकले असेल तर सांग.

"पत्र मिळालं," तू म्हणालीस.

"वाचलंस?"

"दोनदा. एकदा मी, एकदा ह्यांनी. आता काय हवंय तुला? शाबासकी?"

"नाही."

"सत्तावीस वर्षं काच कुठे होती?"

"कपाटात."

"आणि तू?"

"त्याच खोलीत."

"मग सापडायला एवढा वेळ लागला होय गं तुला? घर आवरताना सुई शोधून काढणारी तू!"

मग मिस्त्रींनी फोन घेतला. जबडा वाकडा सांधला गेल्यामुळे त्यांचे शब्द घरंगळतात. पहिले वाक्य संपेपर्यंत मी त्यांना ओळखले नाही.

"अक्का, फट किती म्हणालात?"

"तीन पूर्णांक नऊ."

"किती वेळा मोजलीत?"

"बारा."

"चूक?"

"दोन शतांशाच्या आत."

ते हसले. "सोळा वर्षं आत काढली की हो मी. चार मिलिमीटरसुद्धा नाही! लेथवर एवढा फरक पडला असता तर तुम्ही मला हाकलून दिलं असतंत."

"दिलं असतं."

"मग आता वकील काय विचारणार ते सांगतो. तो म्हणणार, दगड लांबोळका आहे, गिरक्या घेतोय, मध्येच अंधारला असेल. कशावरून नाही? ह्याचं उत्तर पाठवा." आणि तू त्यांच्या हातातून फोन ओढून घेतलास. तू ठेवून दिलास.

उत्तर पाठवते. तो खडक लांबोळकाच आहे, एकाला दोन असा. या महिन्यात रडारने त्याचे रूप घेतले. तो एकसंध नाही. कधीकाळी दोन मोठे खडक एकमेकांवर आदळून चक्काचूर झाले, त्यातला काही चुरा पुन्हा एकमेकांना धरून बसला, तो हा. आत पोकळ्या आहेत. बाहेर जिथे पाहावे तिथे माराच्या खुणा. चार तास दहा मिनिटांत तो एक गिरकी घेतो, म्हणून त्याचा उजेड तासाभरात कमी होतो आणि पुढच्या तासाभरात वाढतो. वकिलाचे तेवढे बरोबर आहे. पण उजेड असा कमी झाला की रेघ शेपटासारखी बारीक होत विरते. काचेवरची रेघ विरलेली नाही. दोन्ही तुटलेली टोके चाकूने कापल्यासारखी आहेत आणि पूर्ण जाडीची आहेत. ढग आला असता तरी कडा पुसट झाली असती, आणि त्या रात्री आकाश स्वच्छ असल्याचे तुझ्या दादानेच लिहून ठेवले आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी त्या क्षणी खडकाची कुठली बाजू आपल्याकडे होती, ते कोणालाही सांगता येणार नाही. मीही कोर्टात सांगणार नाही. त्याची गरज नाही. असे झटक्यात काही लागत असेल तर ते झाकण.

कक्षेचे गणित थोडे इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. लांबीचे प्रमाण बदलत नाही.

आता दुसरे. रविवारी सकाळी मी तुझ्या दादाला सांगितले. तो वरच्या मजल्यावर राहतो, चहाला खाली येतो. पोलिसांत जाण्याआधी त्याला तोंडावर सांगावे असे मला वाटले. हा माझा शिष्टपणा होता.

त्याने ऐकून घेतले. चहात साखर ढवळली. म्हणाला, "अक्का, तू म्हातारी झालीस. डोळे तपासून घे."

"तपासले. बारा वेळा मोजलं."

"माझ्या घरात राहून मला फासावर चढवणार?"

"घर अर्धं माझं आहे."

तो उठला. मला वाटले जिना चढणार. त्याने माझी मान मागून धरली आणि तोंड टेबलावर आपटले. खाली कप होता. कप फुटला. त्याने तोंड तिथेच दाबून धरले आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बोल. आता मोज." मी मोजले, खरेच. तीस आकड्यांपर्यंत. मग त्याने सोडले. गालाला तीन टाके आहेत. एक तुकडा हिरडीपर्यंत गेला होता. बाकी ठीक.

तू विचारलेस की सापडायला एवढा वेळ लागला का. पहिल्या पत्रात मी लिहिले की गेल्या गुरुवारी सापडले. ते पूर्ण खरे नाही. ती काच रसायनात धुतली तेव्हाच मला दोन रेघा दिसल्या होत्या. खटल्याच्या आधी, चौदा महिने आधी. मी त्याला विचारले आणि तो म्हणाला, ओरखडे आहेत, काच घालताना घासली. मी विश्वास ठेवला. काचेच्या मागच्या बाजूला शाईने गोल काढला आणि आत लिहिले: ओरखडा. आम्ही दोषांवर असेच लिहितो, म्हणजे पुढचा माणूस त्यात वेळ घालवत नाही. कोर्टात काच दाखवली तेव्हा तो गोल न्यायाधीशांनीही पाहिला.

काच नव्वद मिनिटांच्या मानाने फिकट होती, तेही मला दिसले होते. मी दोष रसायनाला दिला.

का विश्वास ठेवला, ते तुला ठाऊक आहे. बाबा पट्टा काढायचे तेव्हा तू पलंगाखाली असायचीस. मी आणि तो उभे असायचो. माझ्या वाटणीचे तो अंगावर घ्यायचा, मध्ये शिरून. बक्कल कानावर बसले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. रक्त मी माझ्या परकराने पुसले. त्या कानाने त्याला आजही ऐकू येत नाही.

हे कारण म्हणून सांगते आहे. माफी म्हणून नाही.

अक्का


शनिवार, १५ मार्च

छोटी,

अक्षर वाकडे आहे. डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्याची तीन बोटे मोडली आहेत.

काल दुपारी काचांच्या खोलीत होते. पोलिसांकडे सोमवारी जायचे ठरवले होते, त्याआधी शेवटची मोजणी करत होते. काच यंत्रावर होती. तुझा दादा आला. दार आतून लावले. माझ्याकडे पाहिले नाही. सरळ कपाटाकडे गेला. काचा कशा लावल्या आहेत हे तो विसरला नव्हता, त्या वर्षाचा कप्पा त्याने बरोबर उघडला. काच तिथे नव्हती. मग त्याने अख्खा कप्पा ओढून जमिनीवर टाकला. मग दुसरा.

काचा फुटतात तेव्हा होणारा आवाज मी आयुष्यभर भीत आले. एक काच फोडली म्हणून मी एका मुलीची नोकरी घालवली होती. काल त्रेसष्ट फुटल्या. त्रेसष्ट रात्री. त्या पुन्हा कोणाला मिळणार नाहीत.

मी त्याचा हात धरला. त्याने माझी बोटे पकडली आणि उलटी वळवली, एकेक करून, लहान मुलाला आकडे शिकवतात तशी. पहिले मोडले तेव्हा मी ओरडले. तिसरे मोडले तेव्हा नाही. म्हणाला, "कुठे आहे?"

मी सांगितले नाही, पण माझी नजर यंत्राकडे गेली. त्याला तेवढे पुरले. कापड ओढून त्याने काच काढली आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली.

यंत्राला तोल राखायला दोन किलोचे लोखंडी वजन असते, हुकाला अडकवलेले. मी ते डाव्या हाताने काढले. त्याच्या बहिऱ्या कानाच्या बाजूने गेले. मुद्दाम. त्याला माझी पावले ऐकू आली नाहीत. मनगटावर मारले. हाड मोडल्याचे ऐकू आले. काच टेबलाच्या कडेला आपटून माझ्याजवळच्या खुर्चीवर पडली. एक कोपरा उडाला. रेघ शाबूत आहे.

तो वाकला. मनगट पोटाशी धरले. काच माझ्याजवळ होती, दार तीन पावलांवर होते, आणि मी वजन पुन्हा उचलले आणि त्याच्या डोक्यात घातले. दुसऱ्या घावाची काहीच गरज नव्हती. मी सांगते, कारण हे कोर्टात तो सांगणार नाही. त्याला आठवत नसेल. तो खाली पडला आणि मी तिसरा घालायला हात वर नेला होता. स्टोअरकीपरला तीन होते. मला ते आठवले म्हणून थांबले, असे लिहायला बरे वाटेल. पण थांबले ते हात भरून आला म्हणून.

तो काचांच्या चुऱ्यात बसून राहिला. कपाळावरून रक्त डोळ्यांत जात होते, ते मोडक्या हाताने पुसायला पाहत होता आणि प्रत्येक वेळी कण्हत होता. मग हसला. म्हणाला, "अक्का, ती रेघ मला माहीतच नव्हती गं."

मी म्हटले, "खोटं बोलू नकोस."

"कशाला बोलू आता? तू रविवारी सांगितलंस तेव्हा कळली. मी तर काच नीट पाहिलीही नव्हती. पहाटे तुझ्या हातात दिली आणि झोपायला गेलो. मला वाटायचं, नशीब. सत्तावीस वर्षं मला वाटतंय, माझं नशीब."

छोटी, तो खरे बोलत होता. मी त्याला कधी विचारले नव्हते. ओरखडा आहे असे त्याने मला कधी सांगितले नाही. मागच्या पत्रात मी तसे लिहिले, आणि लिहिताना मला ते आठवल्यासारखेही झाले. पण तसे झाले नव्हते.

झाले ते असे. काच धुऊन वाळत ठेवली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. बाहेर पोलीस होते. मला दोन रेघा दिसल्या, एका ओळीत, सारख्या जाडीच्या. लघुग्रहाची रेघ कशी दिसते हे मला तेव्हा अकरा वर्षे माहीत होते. मधली फट मी पट्टीने मोजली. हिशोब करायला एक मिनिट लागले नाही. त्याचा शर्ट मी पहाटे पाहिला होता. बाही ओली होती, हात धुतल्यासारखी, आणि घुमटात पाण्याचा नळ नाही.

मी दौत उघडली आणि गोल काढला. कोणी सांगितले नव्हते. कोणी पाहिले नाही. अक्षर चांगले आले.

मिस्त्रींना पोलीस नेत होते तेव्हा मी खिडकीत होते. त्यांनी वर पाहून हात केला. त्यांना वाटले, अक्का आहे, अक्का काहीतरी करेल. तुरुंगात त्यांचा जबडा फोडला, दोन बोटे दारात चेचली, हे मला तेव्हाच कळत होते. तुझ्या शेजारणीला मी दर वर्षी विचारत होते. ती तुला कधी बोलली नसेल.

तू मला सत्तावीस वर्षे साक्षीबद्दल दोष दिलास. साक्ष चूक होती असे तुला वाटले. ती चूक नव्हती, मी जाणूनबुजून दिली होती.

तुझा दादा रुग्णालयात आहे. कवटीला भेग आहे, जगेल. दाराशी पोलीस आहे. तो काहीही कबूल करणार नाही आणि त्याने करायची गरजही नाही. मी सोमवारी जाते आहे. मिस्त्रींना यायचे असेल तर दहा वाजता. तू नाही आलीस तरी चालेल.

अक्का


सोमवार, १७ मार्च

छोटी,

तू पोलीस ठाण्याबाहेर गाडीत बसून राहिलीस. आत आली नाहीस, काच खाली केली नाहीस. बरोबर केलेस. मी तुझ्या खिडकीवरून गेले तेव्हा तुझे केस पांढरे झालेले पाहिले. तेवढे माझ्यासाठी पुष्कळ आहे.

मिस्त्री आत आले. माझ्या हाताकडे पाहून म्हणाले, "प्लास्टर कोणी घातलंय हे? कोन चुकलाय. बोटं वाकडी राहतील."

"राहू देत."

"मला विचारायचं. मला सवय आहे." त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. उरलेल्या बोटांचा.

अधिकारी वयाने तुझ्या मुलीएवढी. तिने माझे निवेदन वाचले, मग मागे जाऊन पुन्हा वाचले. "बाई, ह्यात तुमच्यावरच गुन्हा निघतो. कोर्टापुढे पुरावा लपवल्याचा. आणि हे शुक्रवारचं डोक्यात घातलेलं. कळतंय ना?"

"कळतंय. म्हणूनच चार पानं झाली."

"दुसऱ्या घावाचं लिहिलंच पाहिजे का?"

"घातला तर लिहिलंच पाहिजे."

मिस्त्रींनी काच पाहायला मागितली. तिने भिंग दिले. त्यांनी काच उजेडाकडे धरली, कडेने, बोटांचा ठसा न उमटवता, आम्ही त्यांना शिकवले होते तशी. एकेक गोष्ट पाहिली. गोल, आतला शब्द, दोन रेघा आणि मधली कोरी जागा. मला वाटले काही बोलतील. मी कशालाही तयार होते. त्यांनी भिंग खाली ठेवले आणि अधिकाऱ्याला म्हणाले, "बाईंना खुर्ची द्या. केव्हाच्या उभ्या आहेत."

मग मी बसले.

नोंदीची प्रत तिने माझ्याकडे दिली. मला ठेवायला जागा राहणार नाही, म्हणून तुला पाठवते.

सुपूर्द केलेल्या वस्तू:

१. काच एक. एक कोपरा तुटलेला. मागच्या बाजूस शाईने गोल व "ओरखडा" हा शब्द. अक्षर निवेदन देणारीचे.

२. त्या काचेचे कागदी पाकीट. त्यावर झाकण उघडल्या-लावल्याच्या वेळा. अक्षर निवेदन देणारीच्या भावाचे.

३. त्या वर्षाची निरीक्षणांची नोंदवही. एक पानही फाटलेले नाही.

४. रेघेच्या बारा मोजण्यांचा तक्ता, आणि परदेशी वेधशाळेने पाठवलेली लघुग्रहाची कक्षा, फेरीचा काळ, आकार व गिरकीचा काळ, सहीनिशी.

५. लोखंडी वजन, दोन किलो. त्यावर रक्त व केस.

६. फुटलेल्या त्रेसष्ट काचांचे तुकडे, दोन खोकी. पैकी एकोणीस काचांचे क्रमांक वाचता येतात.

७. निवेदन, चार पाने, डाव्या हाताने लिहिलेले.

८. निवेदन देणारी स्त्री, वय एकाहत्तर. तीन बोटांना प्लास्टर, गालावर टाके. सोबत चष्मा व रक्तदाबाच्या गोळ्या. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी ताब्यात घेतली.

साक्षीदार म्हणून सही: मिस्त्री. सत्तावीस वर्षांपूर्वी याच प्रकरणात शिक्षा झालेले. वाचून पाहिले, बरोबर आहे.